एक्क्याण्णव टक्के खंदारे

बोरसंगमच्या टाकी गल्लीत पूर्वी नळावर भांडणं व्हायची, आणि आता मागे वळून पाहिलं तर ती फार बरी होती असं वाटतं. कोणी बादली पुढे सरकवली, कोणी जास्तच वेळ नळ अडवला, की दोन्ही बाजूंनी यथेच्छ तोंडसुख घेतलं जायचं आणि पाणी गेलं की भांडणही जायचं. नगरपरिषदेने 'पारख' बसवली आणि गल्ली शांत झाली. लोक भांडेनासे झाले. ते आता एकमेकांचे टक्के बघायला लागले.

पारख काय आहे हे मोनाली खंदारेला गल्लीत सगळ्यांनी निदान एकदा तरी विचारलं होतं, कारण ती पाणीपुरवठा विभागात पारखच्या पडद्यासमोरच नोकरीला होती. ती सांगायची, "दुपारी खिडकी लोटली की फटीतून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ चमकते, बघता ना? तसंच आहे. पाण्यातून प्रकाशाची तिरीप सोडायची. नितळ पाणी असलं तर ती सरळ पलीकडे जाते. माती, गाळ, घाण असली तर कणांवर आपटून बाजूला फुटते. त्या तिरिपेच्या काटकोनात एक डोळा बसवलेला असतो, तो हा फुटलेला उजेड मोजतो. उजेड जास्त तर गढूळपणा जास्त."

फिल्टर हाऊसवर असा डोळा जुनाच होता. नवी गोष्ट ही की आता तो सुपारीएवढा लहान आणि स्वस्त झाला होता, आणि बोरसंगममधल्या प्रत्येक घराच्या मीटरमध्ये जाऊन बसला होता. मीटरवर एक दिवाही होता. पाणी बरं असलं की हिरवा, गढूळ असलं की लाल. हजारो डोळे सतत बघत राहायचे, नळातल्या पाण्याचा दाबही मोजायचे आणि सगळं पारखला कळवायचे. ती सारं साठवून ठेवायची.

पारखचा खरा रोख होता मोटरींवर. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणं हा बोरसंगमचा जुनाच उद्योग. नळात दाब असतो तोवर फुटक्या पाइपातून पाणी बाहेर झिरपतं. मोटरीने हिसका मारून ओढलं की दाब पडतो आणि त्याच फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. मोटर लावणाऱ्याला वाटतं आपण फक्त पाणी ओढतोय. प्रत्येक मोटरीची धडधड पाण्यातून लांबवर जाते, आणि जवळच्या मीटरला ती सगळ्यात मोठी ऐकू येते. घाण कुठे शिरली आणि धडधड कुठून आली याचा मेळ घालून पारख प्रत्येक घरापुढे संशयाचा टक्का लिहायची. तो टक्का त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर दिसायचा. लाजेने तरी लोक मोटरी काढतील, असा साहेबलोकांचा हिशेब होता.

मग पल्लवीला कावीळ झाली.

पल्लवी सोळंके शेजारच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गल्लीत आल्या होत्या, तेव्हापासून एकीच्या घरची भाजी दुसरीच्या घरी गेल्याशिवाय दिवस मावळला नाही. पल्लवी गरोदर होती, सातवा लागला होता. दोनदा पोटातलं गेल्यावर हा दिवस आला होता. डॉक्टर म्हणाले, ही दूषित पाण्याची कावीळ, आणि गरोदर बाईला ती फार वाईट. पाणी आज प्यायलेलं नाही, महिन्याभरापूर्वीचं आहे.

महिन्याभरापूर्वीचं पाणी माणसाला कुठे आठवतंय! पारखला आठवत होतं. तिने साठवलेल्या सकाळी उलगडल्या. टाकी गल्लीत महिनाभर रोज पाणी आलं की एक मोटर धडधडत होती आणि पाठोपाठ गढूळपणा चढत होता. मोनालीच्याच पडद्यावर, तिच्या डोळ्यांदेखत, ओळ उमटली : खंदारे, एक्क्याण्णव टक्के.

तिला वाटलं आडनावबंधू असतील. मग आठवलं, गल्लीत खंदारे एकच.

अभियंता कुलथे साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. वाईट माणूस नव्हता, पण त्यांना गुळमुळीत बोलता येत नसे.

"मोनाली, महिनाअखेरपर्यंत मोटर आणून जमा करा. नाहीतर जोडणी तोडावी लागेल. आणि तुला या खुर्चीवर ठेवता येणार नाही, हे तुलाही कळतंय."

"साहेब, आमच्याकडे मोटर नाही."

"सगळे हेच म्हणतात. यंत्राला कुणाची ओळख नसते, म्हणून तर ते बसवलं."

दुपारी माणसं येऊन तिच्या घराची झडती घेऊन गेली. काही सापडलं नाही. गल्लीने त्याचा अर्थ सरळ लावला : ऑफिसात बसणारी बाई, आधीच कळलं असणार, हलवली असणार. पल्लवीचा नवरा नीलेश दवाखान्यातून डबा न्यायला आला होता. तो रस्त्यात उभा राहून ओरडला, "ज्याने कुणी हे केलंय ना, त्याला मी सोडणार नाही!" त्याने नाव घेतलं नाही. खंदाऱ्यांच्या दाराकडे बघितलं मात्र.

मोनालीने आधी यंत्रावर संशय घेतला. पण तिनेच या यंत्राची आजवर शंभर जणांसमोर बाजू घेतली होती. मोटर लावली नाही म्हणून शपथा घेणारे लोक तिने पाहिले होते, आणि मग त्यांच्याच न्हाणीतून मोटरी निघालेल्या पाहिल्या होत्या. यंत्र खोटं बोलत नसेल तर घरातलं कोणीतरी बोलत होतं. घरात माणसं तीन. तिने लावली नव्हती.

शुभम, तिचा नवरा, उन्हाळ्यात एकदा म्हणाला होता, "एक मोटर घेऊनच टाकू, काय रोजची कटकट!" तेव्हा ती हसली होती. आता ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, विजेच्या कामात हात तरबेज. तो अंघोळीला गेला तशी ती खाली आली आणि तिने त्याच्या स्कूटरची डिकी उघडली. वायरींचं भेंडोळं, स्क्रूड्रायव्हर, जुना रेनकोट.

"काय शोधतेस?" तो केस पुसत दारात उभा होता.

"काही नाही."

"मोनाली, मोटर शोधतेस?"

तिने डिकी लावून टाकली, आणि तेच जास्त वाईट झालं.

"अगं, मला विचार ना! मी नाही म्हणालो की विश्वास ठेव, नाहीतर ठेवू नको. पण मी अंघोळीला गेल्यावर डिकी उघडायची?" त्याने टॉवेल दांडीवर फेकला. "तुला त्या पडद्यावरचा आकडा माझ्यापेक्षा जवळचा झालाय."

त्या दिवसापासून शुभम तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला. तिला रडू येत होतं आणि तरी त्याच्या दुकानात माळ्यावर काय असेल हा विचार काही केल्या थांबत नव्हता. संशय असा असतो. एकदा घरात घेतला की जेवायला आपल्याच ताटात बसतो.

राहिले सासरे. मोनाली त्यांना मामा म्हणायची. सुधाकर मामा एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक, पान्हे-पक्कड अजून जपून ठेवलेली. टक्का लागल्यापासून मामांचं जेवण कमी झालं होतं. झडती चालली होती तेव्हा ते एका जागी खिळल्यासारखे उभे होते. आणि पाणी यायच्या वेळेला ते दोन घरांच्या मधल्या बोळात जायचे, हे तिने दोनदा पाहिलं. त्या बोळात अडगळ आणि पाइपांशिवाय काही नव्हतं.

"मामा, बोळात कशाला जाता?"

"मांजर व्यालीय तिथं," मामा म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

बोळात मांजर नव्हती.

ती दवाखान्यात गेली. नको जाऊस, शुभम म्हणाला होता. पण पल्लवीला न भेटता राहणं तिला जमेना. पल्लवी कुशीवर झोपली होती. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालेलं. मोनालीने स्टुलावर बसून तिचा हात हातात घेतला.

"पल्ले, आमच्याकडे मोटर नाही गं. मी सगळं घर शोधलं. तुझी शपथ."

पल्लवीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हात काढून घेतला नाही, पण बोललीही नाही. मोनाली बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत बसली. एवढ्या वर्षांत पल्लवीने तिला कधी पाठ दाखवली नव्हती. दोन दिवसांनी पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती.

रविवारी सकाळी मोनाली आपल्या नळापाशी उभी होती. नुकतंच पाणी आलं होतं. तिने मुद्दाम कोणालाही हात लावू दिला नव्हता. शुभम समोर चहा पीत होता. आणि मोबाईल वाजला. पारखचा निरोप : 'टाकी गल्लीत मोटर सुरू आहे. सर्वाधिक संशय, खंदारे.' मीटरवरचा दिवा हळूहळू लाल होत गेला.

तिने शुभमकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवून दोन्ही रिकामे हात वर केले, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून तिला स्वतःची लाज वाटली. मामा घरात नव्हते. ती धावत बोळात गेली.

मामा गुडघ्यांवर बसले होते. जुनं पत्र्याचं दार बाजूला सारलेलं, आणि त्यांचा तळहात भिंतीलगतच्या पाइपावर. आता सापडले, असं तिला वाटलं. मोटर कुठे आहे ते ती शोधायला लागली. मोटर नव्हती.

"हात लाव इथं," मामा म्हणाले.

तिने लावला. पाइप मांजर गुरगुरावी तसा थरथरत होता. जिथे मामांचा हात होता तिथे पाइपाला एक फाटा फुटला होता. खंदाऱ्यांच्या मीटरच्या अलीकडे, हातभर अंतरावर, एक गंजलेला टी, तीन तोंडांचा सांधा, बसवलेला होता, आणि त्यातून निघालेली नळी भिंतीतून शेजारच्या घरात गेली होती.

"हे नकाशावर नाही," मोनाली म्हणाली.

"असंल कसं? दुष्काळाच्या साली मीच बसवलाय." मामा खालीच बघत बोलत होते. "सोळंक्यांचा नळ लाइनीच्या शेवटाला. थेंब यायचा न्हाई. नीलेशचा बाप माझा दोस्त. म्हणलं, आमच्यातून घे. मीटर तवा नव्हते. पुढं मीटर बसले, तवा सांगाया पायजे होतं. बेकायदा जोडणी म्हणून दंड बसंल, तुझ्या नोकरीवर येईल, म्हणून गप बसलो. टक्का लागला तवाच मला वाटलं होतं. पर तिकडं पोरगी दवाखान्यात, आन आपण म्हणायचं, मोटर तुमचीच हाय? रोज येऊन हात लावून बघायचो. बंद असायची. आज लागली."

मोनालीला सगळं एका दमात कळलं. पारखच्या नकाशावर हा टी नव्हता, त्यामुळे ती धडधड कुठून यावी हे तिला कळायला मार्गच नव्हता. सगळ्यात जवळचा कान खंदाऱ्यांच्या मीटरचा, म्हणून नाव खंदाऱ्यांचं. मामा कोणावर तरी उपकार करून गेले होते आणि ते कुठेच नोंदवलेले नव्हते. आणि मोनाली नवऱ्याची डिकी उघडून बघत होती.

नीलेश त्याच्या घराच्या जिन्याखाली होता. धुणं धुवायच्या मशीनमागे छोटी मोटर घूं घूं करत होती आणि तो पिंपात पडणाऱ्या धारेकडे बघत बसला होता. दाढी वाढलेली. मोनालीला पाहून तो उठला.

"वहिनी, इथं कशाला?" त्याची नजर मोटरीकडे गेली. "हो, आहे मोटर! गल्लीत कोणाकडे नाही सांगा? पल्लवीला सहावा लागला तेव्हा घेतली. कळश्या घेऊन जिना चढायची ती, दोनदा त्यानेच गेलं असं तिला वाटायचं. आता घरी आणायचीय, म्हणून भरून ठेवतोय. माझं नाव कशाला घेता? माझे चार टक्के आहेत, वहिनी. चार! माझं काही असतं तर यंत्राने सांगितलं नसतं?"

मोनालीने त्याला हाताला धरून आपल्या मीटरपाशी आणलं. दिवा लाल होता. तिने जिन्याखाली मोटरीपाशी थांबलेल्या मामांना हाक मारली. पलीकडे मोटर बंद झाली. दिवा थोडा वेळ तसाच राहिला, मग पिवळट झाला, मग हिरवा.

"परत लावा, मामा."

लाल.

नीलेश स्वतः गेला. त्याने मोटर बंद केली आणि येऊन पाहिलं. पुन्हा जाऊन लावली, पुन्हा येऊन पाहिलं. तिसऱ्यांदा तो गेलाच नाही. तिथेच ओट्याच्या कडेवर बसला.

"पाणी आलं की पहिला तांब्या मी तिला द्यायचो," तो म्हणाला. "ताजं म्हणून."

त्याला रागावायला ती आली होती. एवढे दिवस साठवलेलं सगळं बोलून टाकायचं होतं. त्यातला एकही शब्द तिला आठवेना. शुभम मागे येऊन उभा राहिला होता, त्याने नीलेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला सांगू नका, वहिनी," नीलेश म्हणाला. "मी सांगतो. मलाच सांगू द्या." मोनालीने मान हलवली.

मोटर त्याने त्याच दिवशी काढली. रात्री मोनाली शुभमला म्हणाली, "माझं चुकलं." तो म्हणाला, "हं." पण त्याने ताट तिच्याजवळ सरकवलं.

पल्लवी घरी आली. रिक्षातून उतरली, खंदाऱ्यांच्या दारावरून गेली आणि तिने मान वर केली नाही. दिवस जात राहिले. नीलेश दिसला की नजर चुकवायचा. त्याने सांगितलं नव्हतं, हे मोनालीला स्पष्ट दिसत होतं, आणि तिच्या मनात पुन्हा कीड शिरली. तो सांगणारच नाही. महिना संपेल, जोडणी तुटेल, खुर्ची जाईल, आणि पल्लवी आयुष्यभर समजत राहील की तिच्या लेकीला खंदाऱ्यांनी मारलं. मोनालीच्या मोबाईलमध्ये नकाशा होता. 'नवीन जोडणी दाखवा' असं एक बटण होतं. टी तिथे ठेवला की पारख क्षणात नवा हिशेब करणार आणि सोळंक्यांचं नाव गल्लीभर दिसणार होतं. ती रोज ते उघडायची आणि मिटायची.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी पाणी आलं आणि मागच्या दारात कळशी वाजली. पल्लवी उभी होती. हाडं वर आलेली, गाऊनवर ओढणी घेतलेली.

"मोने, वर पाणी चढत नाहीये. भरू का इथं?"

मोनालीने नळ सोडला. दोघी कळशीत पडणाऱ्या धारेकडे बघत राहिल्या.

"मोटर कोणाची ते तुला कळलंय ना?" पल्लवी म्हणाली.

मोनालीने नीलेशला शब्द दिला होता. तिने कळशी धारेखाली नीट सरकवली.

"दवाखान्यात तू आलीस, शपथा घ्यायला लागलीस, आणि मला तुझ्याकडे बघवेना. पारखने तुमचं नाव लावलं होतं आणि आमची मोटर जिन्याखाली होती. मला तेव्हाच समजलं होतं. तरी मी बोलले नाही." तिचा आवाज फाटला. "मोटर मीच आणायला लावली, मोने. तो नको म्हणत होता. मी रोज भांडले."

मोनाली एवढे दिवस त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीत राग वाचत आली होती. तिने पल्लवीला जवळ ओढलं आणि दोघी नळाच्या आवाजात रडल्या. कळशी भरून वाहायला लागली तरी नळ कोणी बंद केला नाही.

"तो म्हणालाय, मी सांगतो," शेवटी मोनाली म्हणाली.

"सांगेल तेव्हा सांगेल. मी पहिल्यांदाच ऐकतेय असं करीन. पण मला माहीत होतं, हे त्याला कळू देऊ नकोस. तो पार खचेल गं." पल्लवीने डोळे पुसले. "तू नाव बदल. तुमचं काढ, आमचं लाव."

मामा दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "काढायचं कशाला? टी माझा हाय. तो बी लिही, माझ्या नावानं."

मोनालीने नकाशा उघडला. मीटरच्या अलीकडे टी ठेवला, देणाऱ्याच्या जागी सुधाकर खंदारे लिहिलं, घेणाऱ्याच्या जागी सोळंके. पारखने थोडा वेळ घेतला. मग गल्लीतल्या सगळ्या मोबाईलवर एकाखाली एक दोन नावं आली. खंदारे, अठ्ठेचाळीस. सोळंके, अठ्ठेचाळीस. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि बंद झाली. दंड दोघांनाही बसणार होता, खुर्चीचं काय ते कुलथे साहेब ठरवणार होते. त्याची भीती तिला आता फारशी वाटेना.

तिने कळशी कमरेवर घेतली आणि जिना चढायला लागली. पल्लवी कठड्याला धरून मागून येत होती. वर नीलेशने गॅसवर पातेलं ठेवलेलं होतं. पाणी खदखदून उकळलं, निवलं. त्याने पहिला तांब्या भरला आणि उभ्यानेच स्वतः पिऊन टाकला. मग थोडं थांबून दुसरा पल्लवीपुढे धरला. तिने तो घेतला, आणि आधी तू का प्यायलास, हे त्याला विचारलं नाही.